लस टोचूनही पिल्ले का दगावतात? लहान वराहांतील विषाणूंची लागण आणि लसीकरण

वराहपालन करणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींची एक तक्रार मेळाव्यांतून आणि शिवारफेरीतून नेहमी कानावर येते. "साहेब, स्वाइन फीवरची लस टोचून घेतली, तरी महिन्याच्या आत निम्मी पिल्ले गेली. मग लस टोचायची तरी कशाला?" तक्रार खोटी नसते. दहा-बारा पिल्लांच्या एका वेतावर घरातील वर्षभराची उधारी फेडायचे गणित मांडलेले असते. ते वेत गेले की माणूस लस देणाऱ्यावर रागावतो, लसीच्या बाटलीवर रागावतो आणि पुढच्या वेळी लस टोचणेच टाळतो. हा शेवटचा निर्णय सर्वांत महागात पडतो. कारण दोष पुष्कळदा लसीचा नसून, लस टोचली त्या दिवशी पिल्लाच्या अंगात आधीच जे चालले होते त्याचा असतो. ते काय असते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा, म्हणजे पिकांचा अध्यापक आहे. परंतु कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यात भातशेती, नारळ-सुपारी आणि दारातली दोन-चार डुकरे ही एकाच घराची शेती असते. गोव्यातील 'अगोंडा गोवन' ही डुकरांची देशी जात राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे. तेव्हा मिश्रशेती शिकवताना हा विषय वगळून चालत नाही. शिवाय शेतकऱ्याला तो समजायला अवघड नाही. उत्तम बियाणे पाणथळ वावरात पेरले आणि उगवले नाही, तर आपण केवळ बियाण्याला बोल लावत नाही, वावरही पाहतो. येथे पिल्लू हे वावर आहे.

लस म्हणजे तयार प्रतिकारशक्ती नव्हे

स्वाइन फीवर हा वराहांचा अत्यंत घातक विषाणूजन्य रोग आहे. माणसांत गाजलेल्या स्वाइन फ्लूशी त्याचा काही संबंध नाही आणि तो माणसाला होतही नाही. नाव सारखे असल्याने गल्लत होते म्हणून हे आधीच सांगितले. तीव्र ताप, चारा-खाद्य सोडणे, पिल्लांनी एकावर एक पडून राहणे, डोळ्यांतून चिकट स्राव, आधी बद्धकोष्ठ व मग हगवण, मागचे पाय लटपटणे, कान व पोटाची कातडी जांभळी पडणे ही त्याची ठळक लक्षणे होत. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही. लस हाच उपाय आहे.

आपल्याकडे वापरली जाणारी स्वाइन फीवरची लस ही जिवंत परंतु रोग करण्याची ताकद घालवलेल्या विषाणूची असते. पूर्वी ती सशांमध्ये वाढवून तयार करीत, त्यामुळे उत्पादन फार मर्यादित असे. इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशींच्या संवर्धनावर तयार केलेली लस २०२० मध्ये प्रसृत केली. लस कोणत्याही पद्धतीची असो, तिचे काम एकाच रीतीने चालते. टोचलेला विषाणू पिल्लाच्या टॉन्सिल आणि लसिका गाठींपर्यंत पोहोचतो, तेथे थोडाफार वाढतो, पिल्लाच्या पांढऱ्या पेशी त्याची ओळख करून घेतात आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे व लढाऊ पेशी तयार करतात. या कामाला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे बाटलीतून पिल्लाच्या अंगात जाते ते केवळ बी. पीक पिल्लालाच काढावे लागते.

त्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. लसीतला विषाणू टोचताना जिवंत असला पाहिजे, त्याला अंगात वाढायला मोकळी जागा मिळाली पाहिजे आणि पिल्लाच्या पांढऱ्या पेशी धडधाकट असल्या पाहिजेत. पहिली गोष्ट बर्फाची आहे. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान, उन्हापासून बचाव, पातळ केलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवणे आणि सुई-सिरिंज जंतुनाशकाने न धुता उकळून थंड करून वापरणे एवढे सांभाळले की ती पुरी होते. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

आईकडून आलेली शिदोरी

डुकरिणीच्या गर्भाशयाची रचना अशी असते की तिच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भातील पिल्लांपर्यंत जात नाहीत. पिल्लू जन्मते ते जवळजवळ कोऱ्या अंगाने. त्याला पहिले संरक्षण मिळते ते चिकातून. पण चिकातील प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची दारे जन्मानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बंद होतात आणि चिकाचा कस तर त्याहून लवकर, पहिल्या बारा तासांतच झपाट्याने उतरतो. एका पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवशी सुमारे पाव लिटर चीक जायला हवा. पुढच्या, भरपूर दुधाच्या सडांवर दांडगी पिल्ले ठाण मांडतात, आणि अशक्त पिल्लू मागच्या सडावर किंवा कोपऱ्यात थंडीने कुडकुडत राहते. त्यामुळे एकाच आईच्या, एकाच वेतातील पिल्लांची शिदोरी सारखी नसते.

ही शिदोरी जपते, तशी अडथळाही करते. डुकरिणीला लस टोचलेली असेल तर तिच्या चिकातील प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात असतात आणि ती लसीतला विषाणूही ओळखून मारतात. चांगला चीक प्यालेल्या पिल्लाला फार लवकर लस टोचली, तर ती वाया जाण्याचा संभव असतो. प्रतिपिंडे साधारण दहा ते चौदा दिवसांत निम्मी होत जातात. हिशोब समजावा म्हणून धरून चाला की एका पिल्लाकडे सुरुवातीला ६४ भाग प्रतिपिंडे आहेत आणि बारा दिवसांनी ती निम्मी होतात. बाराव्या दिवशी ३२, चोविसाव्या दिवशी १६, छत्तिसाव्या दिवशी ८, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ४ आणि साठाव्या दिवशी २ भाग उरतात. त्याच वेतातील मागच्या सडावरच्या पिल्लाने १६ भागांवर सुरुवात केली असेल, तर त्याचेही असेच निम्मे-निम्मे होत छत्तिसाव्या दिवशी २ भागच उरतील. म्हणजे एक पिल्लू पाचव्या आठवड्यातच उघड्यावर पडते आणि दुसरे आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत झाकलेले राहते. दोघांनाही एकाच दिवशी, एकच लस.

लसीकरण साधारण दोन महिन्यांच्या वयात करण्याची, आणि रोगाचा धोका असलेल्या भागात पाच-सहा व आठ-नऊ आठवड्यांना दोनदा करण्याची पद्धत पडली ती याच हिशोबामुळे. नेमके वय आपल्या भागातील रोगाची स्थिती, डुकरिणीचे लसीकरण आणि लसीच्या बाटलीवरील सूचना पाहून पशुवैद्यकांनी ठरवावे. आपण त्यांना डुकरिणीला लस कधी टोचली होती ती तारीख सांगू शकलो, तर त्यांचे काम निम्म्याने सोपे होते. आई लस टोचलेली की न टोचलेली हेच ठाऊक नसलेली, बाजारातून आणलेली पिल्ले ही या दृष्टीने सर्वांत अवघड.

शिदोरी संपली आहे आणि लसीचे पीक अजून हाती आलेले नाही, असे काही दिवस प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येतात. त्या दिवसांत वाड्यात विषाणू फिरत असेल, तर तो लसीच्या आधी पोहोचतो.

गर्भातच लागलेला विषाणू

वाड्यात विषाणू फिरत ठेवणारे डुक्कर दिसायला आजारी असेलच असे नाही. डुकरिणीचा गर्भकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे जुन्या हिशोबाने तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. या काळात तिला स्वाइन फीवरच्या सौम्य विषाणूची लागण झाली तर तिला स्वतःला थोडा ताप येऊन जातो, कित्येकदा मालकाच्या ध्यानातही येत नाही. पण विषाणू गर्भात उतरतो. लागण लवकर झाली तर गर्भ मरतात, सुकलेली किंवा मेलेली पिल्ले पडतात. मध्यावर, साधारण पन्नास ते सत्तर दिवसांच्या दरम्यान झाली, तर मात्र विषाणू अंगात घेऊन जिवंत पिल्ले जन्माला येऊ शकतात. त्या वेळी गर्भाची प्रतिकारयंत्रणा अजून घडत असते. ती या विषाणूला परका न मानता घरचाच मानते.

अशी पिल्ले पहिले काही आठवडे चांगली दिसतात. मग ती मागे पडतात, केस राठ होतात, वाढ खुंटते आणि काही महिन्यांत ती मरतात. तोवर लाळ, शेण, मूत्र यांतून रोज विषाणू बाहेर पडत असतो. या पिल्लांना कितीही चांगली लस कितीही वेळा टोचली तरी प्रतिकारशक्ती येत नाही. ज्या विषाणूला शरीराने घरचा मानले त्याच्याविरुद्ध ते लढणार कसे?

जन्मतःच लागण झालेल्या पिल्लांतही असे घडू शकते. स्पेनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जन्मानंतर लगेच स्वाइन फीवरच्या विषाणूची लागण केलेल्या पिल्लांपैकी बरीच पिल्ले वरवर ठीक दिसूनही अंगात कायम विषाणू बाळगून राहिली. पुढे त्यांना जिवंत लस टोचली, तेव्हा प्रतिपिंडे तयार झाली नाहीत आणि लसीच्या विषाणूने अंगात मूळ धरल्याचेही दिसले नाही. एस.टी.त कोणी आधीच रुमाल टाकून जागा धरली की नंतर चढणाऱ्याने उभेच राहावे, तसे हे आहे. रोगाच्या विषाणूने धरलेल्या पेशींत त्याच कुळातील लसीच्या विषाणूला शिरकाव मिळत नाही.

म्हणून वेतात मेलेली, सुकलेली पिल्ले पडली आणि उरलेल्यांत एखादे-दुसरे सतत मागे पडत असेल, तर त्या मरतुकड्या पिल्लाला मायेने दूध पाजून वाढवण्याआधी त्याचे रक्त तपासून घ्यावे. कठोर वाटेल, पण ते एक पिल्लू शेजारच्या आठांना धोक्यात आणू शकते.

दुसऱ्याच विषाणूने केलेला घोटाळा

आता तिसरी गोष्ट, पिल्लाच्या पेशींची. स्वाइन फीवरशी संबंध नसलेले काही विषाणू पिल्लाच्या प्रतिकारयंत्रणेवरच घाव घालतात आणि त्यामुळे लसीचे पीक बुडते. त्यांतले दोन महत्त्वाचे आहेत.

पहिला पीआरआरएस. हा वराहांच्या प्रजनन व श्वसनसंस्थेचा रोग आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत व नंतर युरोपात दिसला आणि १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. २००६ मध्ये चीनमध्ये त्याच्या एका जहाल प्रकाराने हाहाकार उडवला. भारतात तो २०१३ मध्ये मिझोराममध्ये आढळला. मिझोराम लांब वाटते, पण जातिवंत नर, माद्या आणि पिल्ले आज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रकने जातात, आणि हा विषाणू नराच्या वीर्यातूनही पसरतो. गाभण डुकरिणी उशिरा गाभडतात, पिल्ले अशक्त जन्मतात, लहान पिल्लांना धाप लागते, काहींचे कान निळसर पडतात.

हा विषाणू फुप्फुसातील भक्षक पेशींत वाढतो आणि त्या मारतो. शरीरात शिरलेल्या परक्या जिवाला गिळणे आणि "असा असा शत्रू आला आहे" अशी वर्दी लसिका गाठींत पोहोचवणे हे भक्षक पेशींचे काम. त्याच पेशी मोडल्या की लसीची वर्दीही नीट पोहोचत नाही. शिवाय विषाणूंविरुद्ध पहिल्या घटकेला शरीर जी रासायनिक हाक देते, तीही हा विषाणू दाबून टाकतो. विषाणू रक्तात कित्येक आठवडे आणि लसिका गाठींत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणजे पिल्लू खोकायचे थांबले याचा अर्थ ते मोकळे झाले असा नव्हे. थायलंडमधील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पीआरआरएसची लागण झालेल्या पिल्लांना स्वाइन फीवरची लस टोचून नंतर रोगाच्या विषाणूशी सामना घडवला, तेव्हा लस त्यांचे नीट संरक्षण करू शकली नाही. तीच लस निरोगी पिल्लांना वाचवत होती.

दुसरा सर्कोव्हायरस-२. हा फार लहान विषाणू आहे आणि जगभरातील वराहकळपांत सर्वदूर आढळतो. पुष्कळ पिल्लांत तो असूनही रोग दिसत नाही. पण गर्दी, ओलावा, अशक्तपणा किंवा दुसऱ्या रोगाची जोड मिळाली की दूध तोडल्यानंतरच्या वयात पिल्ले सुकत जातात, कातडी पांढुरकी पडते, काखेतल्या-जांघेतल्या गाठी सुजतात. लसिका गाठींतील पांढऱ्या पेशीच या रोगात घटतात. प्रतिपिंडे बनवणारे मजूरच कामावरून कमी झाल्यासारखे होते. तैवानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विषाणूची लागण असलेल्या पिल्लांत स्वाइन फीवरच्या जिवंत लसीचा प्रभाव घटल्याचे दिसून आले.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. गर्भातच स्वाइन फीवरचा विषाणू घेऊन आलेले पिल्लू लसीला दाद देतच नाही. पीआरआरएस किंवा सर्कोव्हायरसची लागण असलेले पिल्लू दाद देते, पण कमी किंवा उशिरा. काही पिल्ले लसीने वाचतात आणि काही जातात, ही जी गोंधळात टाकणारी परिस्थिती कळपात दिसते तिचे एक कारण हे असू शकते. म्हणून "शेजाऱ्याच्या डुकरांना तीच बाटली लागू पडली, माझ्यांना नाही" यात अशक्य असे काही नाही.

खाद्यातली बुरशी

विषाणूंचा विषय चालू असताना मक्याकडे वळल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी, पण हा माझ्या विषयाचा भाग आहे आणि तो येथे जोडलेलाच आहे. पावसात भिजलेला, नीट न वाळवता पोत्यात भरलेला मका किंवा शेंगदाणा पेंड काळी-हिरवी पडली की ती माणसांना नको म्हणून डुकरांपुढे टाकली जाते. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवते आणि पांढऱ्या पेशींचे कामही मंदावते. लसीच्या आधी व नंतर महिनाभर असे खाद्य खाणाऱ्या पिल्लाकडून पूर्ण प्रतिकारशक्तीची अपेक्षा करू नये. मका साठवण्यापूर्वी उन्हात चांगला वाळवावा. दाणा दाताखाली कडक फुटला पाहिजे, दबता कामा नये. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. बुरशीचा दाणा भाजून किंवा उकळून विष पूर्णपणे जात नाही, हेही ध्यानात असावे.

लसीकरणाच्या आधी आणि त्या दिवशी

तयारी पिल्लू जन्मण्याआधीपासूनच होते. डुकरिणीचे लसीकरण नराकडे नेण्यापूर्वी, रिकामी असताना पूर्ण करून घ्यावे. गाभणपणी लस टोचायची की नाही हे लसीवरील सूचनेप्रमाणे पशुवैद्यकच ठरवतील. सगळ्या डुकरिणींचे लसीकरण ठरावीक टप्प्यावर झाले तर सगळ्यांच्या पिल्लांची शिदोरीही साधारण एकसारखी राहते आणि लसीचा दिवस ठरवणे सोपे जाते. विताना कोणीतरी हजर असावे. पिल्लू पुसून, ऊब देऊन तासाभरात सडाला लावावे. वेत मोठे असेल तर दांडगी पिल्ले तासभर टोपलीत झाकून ठेवावीत आणि अशक्तांना आधी पाजावे. एवढी एक युक्ती केली तरी एकाच वेतातील फरक बराच कमी होतो. परक्या आईकडे पिल्लू द्यायचे असेल तर आधी स्वतःच्या आईचा चीक पोटभर पिऊ द्यावा.

विकत आणलेली डुकरे थेट कळपात सोडू नयेत. किमान तीस दिवस वेगळी ठेवावीत, त्यांची भांडी, खराटा आणि शक्य असेल तर त्यांच्याकडे पाहणारा माणूसही वेगळा असावा. निदान आपल्या डुकरांचे काम आधी आणि नवीन डुकरांचे नंतर, हा क्रम तरी मोडू नये. वीर्यदानासाठी गावोगाव फिरवला जाणारा नर हा सोयीचा असतो, पण त्याच्याबरोबर काय येते ते दिसत नाही. शहरातील हॉटेलचे खरकटे घालणाऱ्यांनी ते चांगले उकळी येऊन अर्धा तास शिजवूनच घालावे. कच्च्या डुक्करमांसाच्या तुकड्यांत आणि गोठवलेल्या मांसात स्वाइन फीवरचा विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून रानडुकरेही वस्तीजवळ येतात आणि हे रोग त्यांनाही होतात. मोकाट चरायला सोडलेली डुकरे ही जोखीम रोज घेत असतात.

लसीच्या दिवशी घाई करू नये. जंतनाशक आठ-दहा दिवस आधी देऊन ठेवावे. दूध तोडणे, खच्चीकरण, वाहतूक आणि लस ही कामे एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो, कारण पिल्ले एकदाच पकडावी लागतात. पण एवढ्या ताणाखालचे पिल्लू लसीकडे लक्ष देऊ शकत नाही. सकाळी थंड वेळी प्रत्येक पिल्लू उभे करून पाहावे. खाद्यावर तुटून पडते का, शेपटी हालते का, खोकते का, मागे राहते का? संशय आला तर गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप पाहावा. साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट ठीक समजावे. १०४ च्या वर गेले तर त्या पिल्लाला लस न टोचता वेगळे करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. एकाच वेतातील दोन-तीन पिल्लांना ताप असेल तर त्या दिवशी सबंध वेताचे लसीकरण थांबवायचे की नाही, हे त्यांनाच विचारावे.

मात्र नुसत्या डोळ्यांनी पीआरआरएस किंवा सर्कोव्हायरस ओळखता येत नाही. लस टोचूनही दोन वेते लागोपाठ गेली असतील, तर तिसऱ्या वेळी लस बदलण्याआधी पाच-सहा पिल्लांचे आणि आईचे रक्त तपासून घेणे शहाणपणाचे. त्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. नमुन्याबरोबर विण्याची तारीख, लसीची तारीख, लसीचा बॅच क्रमांक आणि पहिले पिल्लू आजारी पडल्याची तारीख लिहून द्यावी. या चार तारखा-क्रमांकांची वही ज्याच्या घरी आहे त्याच्या पिल्लांचे निदान लवकर होते, असा आमच्या पशुवैद्यक सहकाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे.

सुई प्रत्येक पिल्लाला बदलावी. सबंध वाड्याला एकच सुई वापरणे म्हणजे एका पिल्लाच्या रक्तातील विषाणू आपल्याच हाताने दुसऱ्याला देणे होय. पुरेशा सुया नसतील तर निदान वेतागणिक बदलावी आणि निरोगी वेतापासून सुरुवात करून संशयित शेवटी घ्यावे.

वाडा धुताना शेण-माती पूर्ण खरवडून मगच औषध मारावे. २ टक्के कॉस्टिक सोड्याचे पाणी स्वाइन फीवरच्या विषाणूवर चांगले काम करते. हातमोजे व गमबूट घालावेत, डुकरे बाहेर काढावीत आणि तासाभराने साध्या पाण्याने धुवावे. सर्कोव्हायरस मात्र पुष्कळ साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. त्याच्यासाठी धुतलेला वाडा पूर्ण वाळवून काही दिवस रिकामा ठेवणे आणि एका वयाचीच पिल्ले एकत्र भरून एकदमच बाहेर काढणे अधिक उपयोगी पडते.

लस टोचल्यावर लगेच पिल्ले मेली तर

स्वाइन फीवरचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते दहा दिवस जातात. या मधल्या दिवसांत पिल्लू खाते-पिते, धावते, आणि नेमकी त्याच वेळी लस टोचली जाते. चार दिवसांनी ते मरते आणि "लसीनेच मारले" असा बोभाटा होतो. वास्तविक लसीचे पीक हाती यायला एक-दोन आठवडे लागणार होते. रोग आधी पोहोचला. अशा वेळी उरलेल्या डुकरांची लस थांबवण्याचा निर्णय रागाच्या भरात घेऊ नये. गावात साथ सुरू झाली असता भोवतालच्या निरोगी कळपांना लगेच लस टोचणे हे पुष्कळ वेळा योग्यच असते. कोणाला टोचावी आणि कोणाला टाळावी हे पशुधन विकास अधिकारी जागेवर पाहून ठरवतील. केंद्र सरकारच्या गंभीर पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआरबरोबर स्वाइन फीवरच्या लसीकरणाचाही समावेश आहे, त्याची चौकशी दवाखान्यात करावी.

एक गोष्ट मात्र आता पूर्वीपेक्षा वेगळी आहे. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतात प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये तो केरळात वायनाडपर्यंत पोहोचला. नावात साम्य असले तरी त्याचा विषाणू अगदी वेगळा आहे. स्वाइन फीवरची लस त्याच्याविरुद्ध काहीही उपयोगाची नाही. ताप, कान-पोट जांभळे होणे, पटापट मरतूक ही लक्षणे मात्र इतकी सारखी की अनुभवी डॉक्टरही फक्त पाहून खात्री देत नाहीत. खात्रीसाठी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जातात. लस टोचलेल्या कळपात लहान-मोठी सगळीच डुकरे झपाट्याने मरू लागली, तर लस फुकट गेली असे म्हणत बसू नये, हा दुसराच रोग असू शकतो असे धरून त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यानुसार अशी खबर देणे मालकाचे कर्तव्यही आहे.

डॉक्टर येईपर्यंत वाड्यातून एकही डुक्कर बाहेर जाऊ देऊ नये, आजारी डुक्कर स्वस्तात खाटकाला देऊ नये आणि शेजाऱ्यांना आत बोलावू नये. मेलेली डुकरे ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. विहीर व ओढ्यापासून दूर, कुत्र्या-कोल्ह्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. पण पुरण्याआधी डॉक्टरांना नमुना घेऊ द्यावा.